सुधाकरची भाषा आधी तोंडात बसू दे
राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर पहिल्यांदाच करताय, अभिनंदन! लांब वाक्यं आणि दारूची धुंदी कशी जमवायची, असं विचारलंय तुम्ही. त्यावर काहींनी जुन्या प्रयोगांच्या चित्रफिती बघून अभिनय उचलायला सांगितलंय. मला ते अजिबात पटत नाही, निदान तालीम सुरू व्हायच्या आत तरी नको.

हे १९१९ साली रंगमंचावर आलेलं नाटक. गडकऱ्यांचं वाक्य वळणं घेत जातं, पण त्याचं क्रियापद हाती लागलं की पुढचं सोपं होतं. म्हणून प्रत्येक वाक्याचा मुख्य शब्द शोधा, श्वास कुठे घ्यायचा त्या खुणा पेन्सिलीने करा आणि आठवडाभर नुसतं मोठ्याने वाचा, हावभाव न करता. विरार लोकलमध्ये मनातल्या मनात केलेलं पाठांतर इथे पुरत नाही, जिभेला सवय व्हावी लागते.

धुंदीचं म्हणाल तर झोकांड्या शेवटी ठेवा. प्यायलेला माणूस शुद्धीत असल्याचं दाखवायला धडपडतो. शब्द जपून उच्चारतो, पेला जरा जास्तच सांभाळून ठेवतो. त्यात सुधाकर वकील, मानी माणूस. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, गेल्याचा अपमान त्याला आतून जाळतोय, तो पहिल्या अंकापासून दिसला पाहिजे. नुसता दारुडा उभा केलात तर त्याच्या बायकोचं, सिंधूचं दुःखही पोकळ वाटेल.

आणि हो, माइकवर विसंबू नका. तालमीला कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा आणि वाक्यांची शेवटची अक्षरं ऐकू येतात का, ते विचारा. नवोदितांची नेमकी तीच गिळली जातात.