डीएनडी नोंदणी असूनही ध्वनिमुद्रित जाहिरातींचे फोन येतात. कायद्याने नेमके काय करता येते?

प्रश्न : बागायतदाराची मुलगी, सांगली

नमस्कार. माझे वडील तासगाव तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. गेले काही महिने त्यांच्या मोबाईलवर दिवसभर जाहिरातींचे फोन येत आहेत. काही फोनवर माणूस बोलतो, पण बहुतेक फोन ध्वनिमुद्रित असतात : कर्ज हवे असल्यास एक दाबा, विम्याची माहिती हवी असल्यास दोन दाबा. काही वेळा तर फोन उचलल्यावर पलीकडे कोणीच नसते. त्यांच्या नंबरची डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) नोंदणी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद, पूर्वीच केलेली आहे.

अनोळखी नंबर उचलूच नका, असा सल्ला अनेकांनी दिला. परंतु बागायतदाराला तो पाळता येत नाही. छाटणीच्या वेळी मजुरांच्या टोळीचा मुकादम, हंगामात माल बघायला येणारा परगावचा व्यापारी, बेदाण्याच्या सौद्याविषयी विचारणारा माणूस, हे सगळे अनोळखी नंबरवरूनच फोन करतात, आणि एक फोन चुकला तर व्यापारी पुढच्या बागेत जातो. फवारणी चालू असताना हातमोजे काढून फोन घ्यावा आणि पलीकडून यंत्राचा आवाज यावा, हे त्यांना रोज सोसावे लागते.

मोबाईल कंपनीकडे तक्रार केली तेव्हा ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ एवढाच संदेश आला. काय कारवाई झाली ते कळले नाही. डीएनडी असताना हे फोन येतात कसे, यंत्राने केलेल्या फोनसाठी काही वेगळा नियम आहे का, आणि या मनस्तापाची भरपाई मागता येते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : दूरसंचार क्षेत्रातील निवृत्त कर्मचारी, मिरज

ताई, डीएनडी म्हणजे आपल्या फोनला घातलेले कुलूप, अशी बहुतेकांची समजूत असते, आणि म्हणूनच नोंदणी करूनही फोन येतो तेव्हा फसवणूक झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती एक यादी आहे, आणि जो व्यावसायिक नोंदणीकृत मार्गाने फोन करतो त्याचेच फोन या यादीशी ताडून पाहिले जातात. ही व्यवस्था भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ मध्ये सुरू केली, २०१० च्या विनियमांनी ती अधिक कडक केली आणि सध्या २०१८ चे विनियम लागू आहेत. जाहिरातीसाठी फोन करणाऱ्याने नोंदणी करून १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच फोन करावा, असा नियम आहे. पण हा क्रमांक दिसला की लोक फोन उचलत नाहीत, आणि डीएनडीच्या यादीतले ग्राहक तर आधीच वगळले जातात. त्यामुळे नियम टाळू पाहणारे लोक साधी दहा अंकी सिमकार्डे किंवा कार्यालयीन जोडण्या घेऊन त्यांवरून फोन करतात. तिथे यादी ताडून पाहण्याची पायरीच नसते. आपल्या वडिलांना येणारे फोन बहुधा याच प्रकारचे असावेत. कॉल लॉगमधील क्रमांकांची सुरुवात पाहिली की लगेच कळेल.

यंत्राने केलेल्या फोनवर सरसकट बंदी नाही, परंतु ते मोकळेही सोडलेले नाहीत. असे फोन लावणाऱ्याने आपल्या दूरसंचार कंपनीला आधी कळवणे आवश्यक आहे, आणि उचलल्यावर पलीकडे कोणीच नसते अशा फोनांनाही २०१८ च्या विनियमांनी आळा घातला आहे. फारसे कोणाला माहीत नसलेली गोष्ट अशी की, पसंती नोंदवताना केवळ बँकिंग, स्थावर मालमत्ता, शिक्षण असे विषयच नव्हे, तर माध्यमही निवडता येते. माणसाचा फोन, संदेश आणि ध्वनिमुद्रित फोन ही माध्यमे त्यात वेगवेगळी धरलेली आहेत. डीएनडी नोंदणी व तक्रारीसाठीच्या १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून वडिलांची पसंती नेमकी काय नोंदलेली आहे, ते एकदा तपासून घ्यावे.

आता तक्रारीविषयी. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने विनियमांत मोठी दुरुस्ती केली. पूर्वी तक्रार तीन दिवसांच्या आत करावी लागे, ती मुदत सात दिवस झाली. अनोंदणीकृत क्रमांकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी डीएनडी नोंदणीची अटही उरलेली नाही. कारवाईसाठी पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. मात्र त्या पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या असाव्या लागतात. दोष सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी त्या व्यक्तीच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात, आणि पुन्हा तसेच घडल्यास सर्व कंपन्यांकडील जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. आपल्या एकट्या तक्रारीवर दिसण्यासारखी कारवाई का झाली नाही, याचे कारण त्या पाचच्या आकड्यात असण्याची शक्यता मोठी आहे. ज्या यादीतून आपल्या वडिलांचा नंबर उचलला गेला, त्याच यादीत गावातील इतर बागायतदारही असणार. त्यांना विचारून पाहावे आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवरून तक्रार करावी. तक्रारीत फोन आलेला क्रमांक, तारीख आणि फोन कशाविषयी होता ते थोडक्यात, एवढे पुरते.

उत्तर २ : खासगी शिकवणी चालक, सातारा

मी फोन करणाऱ्यांच्या बाजूला बसणारा माणूस आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे जाहिरात करून देणारे लोक येतात आणि पालकांच्या नंबरांची तयार यादी व ध्वनिमुद्रित फोनांचे पॅकेज देऊ करतात. ती यादी कुठून आली, असे विचारले की सरळ उत्तर मिळत नाही. मी अशी सेवा कधी घेतली नाही, कारण ज्याने मला नंबर दिलेला नाही त्याला फोन करण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही.

कायदेशीर मार्ग अवघड आहे असा समज पसरवला जातो, त्यात तथ्य नाही. एखाद्या दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर, संस्थेची नोंदणी करावी लागते, संदेश कोणाचा हे दाखवणारे सहा अक्षरी शीर्षक मिळते, मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याच चौकटीत संदेश जातो. आता शीर्षकाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक इंग्रजी अक्षर असते, त्यावरून संदेश जाहिरातीचा, सेवेचा, व्यवहाराचा की सरकारी हे वाचणाऱ्याला कळते. जाहिरातीच्या संदेशातून बाहेर पडण्याची सोय देणे बंधनकारक आहे, आणि ग्राहक बाहेर पडल्यावर नव्वद दिवस त्याची संमती पुन्हा मागता येत नाही. प्रामाणिक व्यावसायिकाला यात काहीही जाचक नाही. उलट, दहा अंकी नंबरवरून धुमाकूळ घालणाऱ्यांमुळे आमच्या रीतसर फोनांकडेही लोक संशयाने पाहतात, आणि हे नुकसान आम्हालाही सोसावे लागते.

आपल्या वडिलांचा नंबर कुठून गेला असेल, याचाही शोध घ्यावा. कृषी औषधांच्या दुकानात बिल करताना, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये किंवा प्रदर्शनातील सोडतीच्या चिठ्ठीवर दिलेला नंबर त्या कामापुरता दिलेला असतो. तो तिसऱ्याला विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

उत्तर ३ : वकील, सांगली

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. भरपाईचा प्रश्न राहिला आहे, त्याविषयी लिहितो.

आपल्याकडील विनियमांत दंड आहे, पण तो दूरसंचार कंपनीला होतो. अशा तक्रारींची आकडेवारी चुकीची कळवल्यास कंपनीला पहिल्या वेळी २ लाख, दुसऱ्या वेळी ५ लाख आणि त्यापुढे प्रत्येक वेळी १० लाख रुपये भरावे लागतात. त्यातील रुपयाही फोन घेणाऱ्या ग्राहकाला मिळत नाही. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः न्यायालयात जाऊन प्रत्येक बेकायदा फोनमागे ५०० डॉलर मागण्याचा हक्क दिला आहे, आणि उल्लंघन जाणूनबुजून केले असेल तर न्यायालय ती रक्कम तिपटीपर्यंत वाढवू शकते. तेथील दूरसंचार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आवाजही त्याच कायद्याखाली आणला. असा थेट हक्क भारतीय ग्राहकाला मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा वेळ आणि शांतता हिरावली जाते त्याच्या हाती काहीच नसेल, तर अंमलबजावणी कायम दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

तरीही मार्ग अगदीच बंद नाही. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे कंपनीने तक्रारींकडे दुर्लक्ष केले, तर सेवेतील त्रुटी म्हणून सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. त्यासाठी पुरावा मात्र हवा. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, कंपनीचे उत्तर आणि कॉल लॉगची छायाचित्रे तारखेनिशी जपून ठेवावीत. हेही सांगायला हवे की अशा दाव्यात आपण कंपनीच्या निष्काळजीपणावर बोट ठेवतो. फोन करणारा पडद्यामागेच राहतो.

संमतीचा मुद्दा पुढील काळात महत्त्वाचा ठरेल. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २८ मध्ये विशिष्ट संदेशांसाठी पूर्वसंमती घेण्याची आणि डीएनडी नोंदवहीची तरतूद आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होतात. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणेही सोपे असले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. दुकानदाराने नंबरांची यादी विकण्याचा व्यवहार त्यानंतर खऱ्या अर्थाने कायद्याच्या कचाट्यात येईल.

उत्तर ४ : बँक कर्मचारी, कराड

एक पुरवणी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना व वित्तीय संस्थांना सांगितले आहे की, व्यवहार व सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत. त्यामुळे साध्या दहा अंकी नंबरवरून बँकेच्या नावाने ध्वनिमुद्रित फोन आला आणि त्यात कळ दाबायला सांगितले, तर कोणतीही कळ न दाबता फोन ठेवावा. फसवणुकीचा संशय असल्यास १९०९ ऐवजी संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत नोंद करावी, आणि पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. कर्जवसुलीचे फोनही सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत.

प्रश्नकर्ती : बागायतदाराची मुलगी, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांचा कॉल लॉग पाहिला. जवळजवळ सगळे क्रमांक साधे दहा अंकीच आहेत. शेजारच्या बागायतदारांकडे चौकशी केली असता त्यांपैकी दोन क्रमांक अनेकांच्या फोनवर सापडले. ते क्रमांक इथे आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, तर पाचाहून अधिक तक्रारी सहज होतील. वकीलसाहेब, तसे करण्यास हरकत नसावी ना?

उत्तर ५ : वकील, सांगली

क्रमांक उघडपणे टाकू नयेत. पडद्यावर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो आणि तो एखाद्या निरपराध माणसाचा निघाल्यास त्याला नाहक त्रास होईल. शिवाय, ज्याला त्या क्रमांकावरून फोन आलेलाच नाही त्याने तक्रार केली तर ती तपासात टिकत नाही. गटावर एवढेच लिहावे की, गेल्या सात दिवसांत असे ध्वनिमुद्रित फोन आले असतील त्यांनी स्वतःचा कॉल लॉग पाहून, स्वतःच्या मोबाईलवरून १९०९ वर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक आपल्याला कळवावा. ज्यांना ॲप वापरता येत नाही त्यांच्या शेजारी बसून तक्रार करून द्यावी. ते तक्रार क्रमांक एका वहीत तारखेसह उतरवून ठेवावेत. पुढे जिल्हा आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर मला त्यांचाच उपयोग होईल.