जुनी दोन सीटची सॅन स्टॉर्म गाडी मुंबईत घ्यावी का? 'पैसा पाण्यात' म्हणणाऱ्यांसाठी

गिअरवेडा
काल इथे एकाने ठोकून दिलं, "मुंबईत जुनी दोन सीटची गाडी म्हणजे पैसा पाण्यात. पळवणार कुठे?" डोकंच फिरलं. पळवायची म्हणून कोण घेतंय? कोस्टल रोडवर मर्यादा 80, तिथल्याच बोगद्यात 60, अटल सेतूवर 100. तीनशे हॉर्सपॉवरची धूड गाडी तिथे काय दिवे लावणार? स्टॉर्म गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, रेनोचं 1149 सीसी इंजिन, ताकद 60 हॉर्सपॉवरच्या आसपास. पण अंगावर वजनच नाही. पहाटे पेडर रोडच्या वळणावर चाळीसच्या वेगातही रस्ता हातात येतो. हे सुख एसयूव्हीवाल्यांच्या नशिबी नाही.

खारा_वारा
रस्ता हातात येतो, तसा खड्डा मणक्यात येतो, तेही लिहा की. आणि फायबर गंजत नाही म्हणून लोकांना भुलवू नका. खालचा सांगाडा लोखंडीच आहे आणि आपण समुद्राकाठी राहतो. घ्यायचीच तर गाडी लिफ्टवर चढवा. सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात तिथे काळ्या कोटिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. पापुद्रा निघाला की व्यवहार तिथेच सोडा. बिजागरीजवळ रंगाला बारीक चिरा असतील तर गाडी ठोकलेली असण्याची शक्यता धरा.

गिअरवेडा
तपासायचं कसं ते पटलं. पण घेऊच नये, हे नाही पटत. फायबरच्या होड्या सांधणारा चांगला कारागीर बॉडी भरून देतो. आणि दुसरा पर्याय कुठला? माझदाची मियाटा, तीही दोन सीटची, जगात 1989 पासून आहे, आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलीच नाही. जुनी मागवावी तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, वर ड्युटी.

मुलुंडकर
गाडी ठेवणार कुठे, ते कुणीच बोलत नाही! कापडी छप्पर आहे, जुलैत उघड्यावर ठेवली तर सीटखालचा गालिचा कुजतो. आमच्या सोसायटीत दुसऱ्या गाडीचं नाव काढलं की सेक्रेटरी नियम दाखवतो. त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या मात्र स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या जागेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद प्रकरणात सांगितलंय, स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. तरी हे लोक "आम्ही विकत घेतलंय" म्हणून बसलेत.

स्टिल्टवाली
बसलेत काय? आम्ही बिल्डरला रोख मोजलेत. तेव्हा कायदा सांगायला कुणी आलं नव्हतं. आता नव्याने राहायला आलेले चिठ्ठ्या टाका म्हणतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे लिफ्टजवळच गाडी लागते, त्यांना गेटपासून चालवू?

मुलुंडकर
सासूबाईंसाठी एक जागा द्या, कोण नाही म्हणतंय? दुसऱ्या जागेत तुमचं जुनं फर्निचर का पडलंय, तेवढं सांगा.

स्टिल्टवाली
माझं फर्निचर तुम्ही पाहिलंय का? उगाच तोंड सोडू नका. आणि ज्याला वर्षात आठ महिने वापरायची गाडी हवी, त्याने पे-पार्किंगचे पैसे भरावेत. रोज ऑफिसला जाणाऱ्याची जागा शौकासाठी का अडवायची?

खारा_वारा
अहो, धागा गाडीचा आहे.

मुलुंडकर
पार्किंगशिवाय गाडीचा धागा कसला? आधी जागा, मग गाडी.

गिअरवेडा
ठीक, जागा नसेल तर घेऊ नका, एवढं मान्य. जागा आहे त्यांनी आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र बघा. 15 वर्षांनंतरचं नूतनीकरण झालेलं नसेल तर किंमत तिथेच पाडा. आता 20 वर्षांवरच्या गाडीला फीच 10,000 आहे, पर्यावरण कर वेगळा. चेसिस नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, एजंटच्या मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नका.

खारा_वारा
आता कसं बोललात! लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका, हेही जोडा.