प्रश्नचिन्हांच्या नादी लागू नका

विचर ३ या व्हिडिओ गेमच्या नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं, म्हणजे अजून न पाहिलेल्या जागा, साफ केल्याशिवाय गेम संपला म्हणायचं नाही असं काही जण म्हणतात, ते काय पटलं नाही बुवा. गेममधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रातली बरीचशी म्हणजे नुसती तरंगती पिंपं, मी होडी घेऊन दोन रविवार तेच करत बसलो आणि मिळालं काय तर विकायला भंगार, वर त्या उडणाऱ्या सायरनींचा, म्हणजे जलपरीसारख्या राक्षसिणींचा, ताप वेगळा.

त्यापेक्षा २०१६ चं ब्लड अँड वाइन हे या गेमचं एक्सपान्शन (जोडभाग) खेळा, पण मेन स्टोरी संपवूनच. त्यात गेमच्या नायकाला, गेराल्टला, द्राक्षमळ्यातलं घर मिळतं आणि अगदी शेवटी तिथं भेटायला कोण येतं ते तुमच्या आधीच्या निर्णयांवर ठरतं. माझ्याकडे त्याची मानसकन्या सिरी आली, कारण मागे मेन स्टोरीत तिला दारू पाजण्याऐवजी बर्फाचे गोळे मारत खेळलो होतो, असले बारीकसारीक निर्णयच तिचा शेवट ठरवतात.