फेब्रुवारीच्या पगारात १०० रुपये जास्त कापले, आणि कूलरच्या पक्क्या बिलावर १८ टक्के. हे पैसे जातात कुठे?

पऱ्हाटीवाला (तालुका समुद्रपूर):

नमस्कार मंडळी. घरी चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. दिवाळीनंतर बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलो. जाम चौरस्त्यावरून कंपनीची बस मिळते. घरात महिन्याचा पगार आणणारा मी पहिलाच, त्यामुळे पगारपावती समजावून सांगणारं कोणी नाही. बाबा म्हणतात, "कापसाचं कसं, वजन गुणिले भाव, झालं. तुह्या कागदात इतले रकाने काहून?" मला उत्तर देता येत नाही, म्हणून इथे विचारतो.

फेब्रुवारीची पावती अशी आहे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १२,४००, घरभाडे ६२०, इतर भत्ता १,०००. एकूण १४,०२०. कापले ते असे: पीएफ १,४८८, ईएसआय १०६, पीटी ३०० आणि 'इतर' ३५०. हातात आले ११,७७६. जानेवारीत पीटी २०० होता, बाकी सगळं तेच. मग हे १०० रुपये कशाचे? आणि 'इतर' म्हणजे काय? सुपरवायझर म्हणतो सगळ्यांचेच कापतात.

दुसरं. ऊन तापायला लागलं म्हणून हिंगणघाटला कूलर पाहायला गेलो. लोखंडी बॉडीचा, तिथंच बनवलेला. दुकानदार म्हणाला, बिल नको असेल तर ६,५००, पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के, म्हणजे ७,६७०. पगारातून सरकार घेतं, मग दुकानातही आपल्याच खिशातून का? बाबांना काय सांगू?

हजेरीबुक:

भाऊ, मी एका जिनिंगमध्ये हजेरी ठेवते आणि पगारपत्रक करते. सीझनला कामावर येणारी अर्धी माणसं अशीच पहिल्यांदा पावती पाहणारी असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पीएफ. हा कर नाही. हे पैसे तुमचे आहेत आणि तुमचेच राहतात. १२,४०० चे १२ टक्के म्हणजे १,४८८. तितकेच १,४८८ मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे असतात. पगारपावतीवर ते बहुतेक ठिकाणी दाखवतच नाहीत, आणि म्हणून लोकांना वाटतं की पीएफ म्हणजे नुसती कपात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, तुमच्या हिशोबाने १,०३३ रुपये, पेन्शन खात्यात जातात आणि उरलेले ४५५ तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे दर महिन्याला तुमच्या पीएफ खात्यात १,९४३ जमा व्हायला पाहिजेत, पेन्शनचे वेगळे. त्यावर व्याज मिळतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावतीवर कापले म्हणजे भरले असं नाही. मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात, आणि ते भरले की नाही हे पासबुकातच कळतं. तुमचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, सुरू असेल तर त्याला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शेवटची भरलेली रक्कम मेसेजने येते. पूर्ण पासबुक ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर किंवा उमंग ॲपवर दिसतं. आजच पाहा. ठेकेदाराच्या माणसांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण ठेका बदलतो, ठेकेदाराचं दुकान उठतं आणि मग कागद घेऊन माणूस फिरत राहतो. ठेकेदाराने भरले नाहीत तर मूळ कंपनी जबाबदार असते, कायद्यात तसं स्पष्ट आहे. हे कोणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही.

ईएसआय म्हणजे कामगार विमा, १४,०२० च्या ०.७५ टक्के, वरचे पैसे पुढच्या रुपयात घेऊन १०६. मालक ३.२५ टक्के भरतो, म्हणजे ४५६. याच्यात तुमच्यासोबत बायको-मुलं, आणि तुमच्या कमाईवर अवलंबून असलेले आई-वडील यांचंही औषधपाणी येतं. आजारी पडलात आणि पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असली, निदान ७८ दिवसांची, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. आमच्याकडचा एक हमाल खासगी दवाखान्यात कर्ज काढून भरती झाला, कार्ड मात्र घरी ट्रंकेत होतं. तुमच्या कार्डावर कोणता दवाखाना लिहिला आहे ते पाहा, आई-बाबांची नावं चढवून घ्या, आणि ते कार्ड घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

पीटी म्हणजे व्यवसाय कर, तो मात्र खरंच कर आहे आणि राज्य सरकारला जातो. राज्यघटनेने एका माणसाकडून वर्षाला २,५०० च्या वर घेऊ नका अशी मर्यादा घातली आहे. २०० प्रमाणे अकरा महिने झाले २,२००, म्हणून फेब्रुवारीत ३००. तुमचे १०० रुपये तिथं गेले, चुकीचं काही नाही. बाबांना एवढं जरूर सांगा की हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये लागला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरात पगार घेणाऱ्याने भरायचं आणि दुष्काळात गावातल्या माणसाला हाताला काम मिळायचं, अशी ती मांडणी होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची ही योजना मांडली. तुमच्या गावात रोहयोतून पांदण रस्ता किंवा पाझर तलाव झाला असेल तर त्यात असल्या पैशाचाही वाटा असू शकतो. मला हा कर कापताना कधी वाईट वाटत नाही.

राहिले ३५०. 'इतर' नावाची कपात मी माझ्या पत्रकात कधी ठेवत नाही. कॅन्टीन असेल तर कॅन्टीन लिहायचं, उचल असेल तर उचल. कायद्यात ज्या कारणांना परवानगी आहे तेवढंच कापता येतं. लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर विचारलं तरी चालेल, पण उत्तर तुमच्याजवळ राहिलं पाहिजे.

कृषीकेंद्र_देवळी:

राजेहो, पगाराचं ताईनं सांगतलं. दुकानाचं मी सांगतो, कारण मी सोता दुकानात बसतो.

बिनबिलाचा कूलर घेतला म्हंजे टॅक्स वाचला, असं नाई. त्यानं पत्रा, मोटर, पंप आणला तवाच त्यावर टॅक्स लागला, अन् तो ६,५०० मंदी बसलेला हाय. फरक इतकाच की बिल नसल्यावर दुकानदार तुमच्याकडून घेतलेला पैसा सरकारले दाखवत नाई. अन् तुमच्या हाती काय राह्यते? मोटर जळली तं वॉरंटी नाई, भांडाले कागद नाई. २०० रुपयांच्या वर माल घेतला तं नोंदणी असलेल्या दुकानदारानं बिल द्यालेच पाह्यजे, तुम्ही मागा नाई तं नका मागू.

पक्क्या बिलावर पाहाचं काय ते ध्यानात ठेवा. जीएसटी नंबर १५ आकडी-अक्षरी रायते, महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होते. जीएसटीच्या साइटवर टाकला का दुकानाचं नाव दिसते. १८ टक्के एका ओळीत नाई लिहीत, ९ केंद्राचे अन् ९ राज्याचे असे दोन भाग दिसतात. ७,६७० तले ५८५ दिल्लीले अन् ५८५ मुंबईले. छोटा दुकानदार कंपोझिशनमंदी (छोट्या दुकानदारासाठीची ठोक टॅक्सची योजना) असन तं तो गिऱ्हाइकाकडून टॅक्स वेगळा घेऊच शकत नाई, अन् त्याले बोर्डावर तसं लिहून ठेवा लागते. नंबर नसताना कोणी १८ टक्के मागतले तं उठून या.

अन् डब्यावर एमआरपी छापली असन तं त्यात सगळा टॅक्स आला. वरून एक रुपया देऊ नका. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते. तिथंच बनवलेल्या लोखंडी बॉडीच्या कूलरवर एमआरपी नसते, म्हणून तिथं भाव अन् टॅक्स वेगळा सांगतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. साबण, डोक्याले लावाचं तेल, दात घासाची पेस्ट, बिस्कूट १८ वरून ५ वर आले. ट्रॅक्टर १२ वरून ५, त्याचे टायर १८ वरून ५, ठिबक ५. पेराच्या बियाण्यावर काईच नाई. खतावर ५. पण फवाराच्या रासायनिक औषधाले अजूनही १८ लागते, अन् इथं माह्या जिवाले लागते. मी दुकानदार, मी भरलेला टॅक्स पुढच्या बिलात वळता करतो. कारखानदार बी करतो. कास्तकाराच्या कापसावर जीएसटी घेणाऱ्यानं भराचा रायते, म्हणून कास्तकारानं औषधावर भरलेला टॅक्स वळता करून घ्याले त्याच्याजवळ जागाच नाई. तो शेवटचा गिऱ्हाईक धरला जाते. तुमच्या बाबाले राग येते तो या ठिकाणी बरोबर हाय.

डाळ-तांदूळ सुटा तोलून घ्या, टॅक्स नाई. तोच पॅकबंद, लेबल लावलेला २५ किलोपर्यंत घेतला तं ५ टक्के. डिझेल जीएसटीत येतच नाई, त्याचा व्हॅट, म्हंजे राज्याचा टॅक्स, वेगळा.

बोरीची_सिस्टर:

पीटीवरून आठवलं म्हणून एवढंच सांगते. मी खासगी दवाखान्यात आहे, पगार १८,०००. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून बायकांना महिना २५,००० पर्यंत पीटी नाही. आमच्याकडे त्यानंतरही २०० कापत राहिले. अकाउंटवाल्याला नियम दाखवला तेव्हा थांबलं. बहिणींनो, पावती काढून पाहा.

पऱ्हाटीवाला:

सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. रोजगार हमीचं ऐकून ते म्हणाले, आपल्या गावच्या तलावावर मी आणि तुझी आई दोघंही होतो.

पासबुक पाहिलं. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे पैसे आहेत, जानेवारीचे नाहीत. फेब्रुवारीचेही नाहीत. वडिलांचं नावही चुकीचं टाकलं आहे. आणि ३५० बद्दल ठेकेदाराचा मेसेज आला, "पीएफ चार्जेस". हे बरोबर आहे का? कूलर बिलावर घेतला, मोटरच्या वॉरंटीवर शिक्का मारून आणला.

हजेरीबुक:

नाही, अजिबात बरोबर नाही. पीएफचा प्रशासन खर्च मालकाच्या वाट्याचा असतो. मालकाचा वाटा किंवा तो खर्च कामगाराच्या पगारातून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. तो मेसेज जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

फेब्रुवारीची मुदत १५ मार्च आहे, ती अजून गेलेली नाही. जानेवारीचे मात्र १५ फेब्रुवारीलाच यायला हवे होते. आधी कंपनीच्या एचआरला अर्ज द्या, ठेकेदाराला नाही. अर्जात यूएएन, जानेवारीची पावती, पासबुकाचा फोटो आणि ३५० चा मेसेज जोडा, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाका. दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओचं शिबिर जिल्ह्यात भरतं, 'निधी आपके निकट' नावाने. सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. वर्ध्याचं ठिकाण विचारून जा, समोर माणूस बसलेला असतो, काम लवकर होतं.

वडिलांचं नाव आत्ताच दुरुस्त करा आणि ऑनलाइन वारस नोंदवा. पीएफसोबत एक विमा असतो, त्याचा हप्ता तुमच्या पगारातून कापत नाहीत. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, पण नाव जुळलं नाही तर घरचे अडकतात.

आणि ठेका बदलला, नोकरी सुटली तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर पुढे न्या. आमच्या जिनिंगमधली माणसं दर सीझन संपला की पीएफ आणि पेन्शनचे सगळे पैसे काढून घ्यायची. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरावी लागते, आणि पैसे काढले की ती पुन्हा शून्यावर येते. बारा-तेरा सीझन केलेल्या एका मावशींना ५८ व्या वर्षी काहीच मिळालं नाही, तेव्हा मला फार लागलं. तुमचं वय लहान आहे, तुम्हाला हे सांभाळता येईल. अर्जाची झेरॉक्स दोन प्रतींत काढा, एक घरी ठेवा.