प्रति: आयटी सोडून अहमदाबादला जाऊ का?
सव्विसाव्या वर्षी हिंजवडीतली नोकरी सोडून एनआयडीला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) डिझाइन शिकायला जायचं म्हणतोयस. जा की! फक्त प्रवेशपरीक्षा पूर्व आणि मुख्य अशी दोन टप्प्यांत असते, तोवर राजीनामा खिशातच ठेव. मी उलटं केलं होतं, आधी राजीनामा आणि मग विचार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर आठ महिने काढले, मेसचा एक डबा दोन वेळा पुरवून. (घरी 'वर्क फ्रॉम होम' सांगितलं होतं!) पश्चात्ताप नाही, पण गाठीशी पैसे असते तर मिळेल ते पहिलं काम धरलं नसतं. लोणी काळभोरलाही एमआयटीत डिझाइन शिकवतात, ते आधी बघून ये. बाकी, नोटीस पिरियड किती आहे तुझा?