घरातील संवेदक: संमती कोणाकोणाची?

पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या हालचाली घरीच संवेदकांनी (सेन्सरनी) नोंदवाव्यात का, या चर्चेत ‘घरात कॅमेरा बसवणे म्हणजे रुग्णावर पाळत ठेवणे’ असा आक्षेप घेतला गेला आहे, तो मला रास्त वाटतो. मात्र सगळेच संवेदक कॅमेऱ्यासारखे नसतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या ‘स्फिअर’ प्रकल्पात माणसाच्या स्पष्ट चित्राऐवजी केवळ छायाकृती नोंदवण्याची पद्धत वापरली गेली, तर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अंगावर काहीही न लावता, रेडिओलहरींच्या साहाय्याने झोपेतील श्वासाच्या नोंदींवरून पार्किन्सनचा माग काढता येतो, असे दाखवले.

या चर्चेत एक गोष्ट अद्याप आलेली नाही, ती म्हणजे घरातील इतर माणसांची संमती. माझ्या वडिलांना हा आजार होऊन बरीच वर्षे झाली. तपासणीच्या वेळी लेव्होडोपा या पार्किन्सनवरील औषधाचा परिणाम टिकून असल्यामुळे ते डॉक्टरांसमोर बरे चालतात, आणि घरी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात, ते मात्र डॉक्टरांना कधीच दिसत नाही. त्यामुळे नोंद घरीच व्हायला हवी, हे वडिलांना लगेच पटले. नकार दिला तो आईने. “तुमच्या आजारासाठी माझं रात्री उठणं-बसणंही कुणीतरी मोजणार का?” असे तिने विचारले, आणि रुग्णाची सही घेताना तिला कोणी काही विचारलेच नव्हते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. अखेर वडिलांच्या मनगटावर हालचाली नोंदवणारा पट्टा आला. खोल्यांमध्ये काहीही बसवले नाही.