शिकारीच्या मांसासाठी घरचं खिमा मशीन: १२ नंबरच्या खाली उतरूच नका

रानपाखरू

परवाना काढून केलेल्या शिकारीचं मांस घरीच सोलून, कापून, भरून ठेवणारे इथे बरेच आहेत. दर हंगामाच्या तोंडावर तोच प्रश्न येतो: खिम्याचं मशीन कोणतं घ्यावं? माझं मत ठाम आहे आणि त्यावर वाद व्हावा म्हणूनच मांडतोय. हरीण, रानडुक्कर, एल्क (हरणाचाच खूप मोठा प्रकार) यांच्यासाठी १२ नंबरच्या खालचं मशीन घेऊ नका. ऐपत आणि जागा असेल तर सरळ २२ नंबर घ्या.

नंबर म्हणजे पुढच्या जाळीचं माप. ८ नंबरची जाळी साधारण ६२ मिलिमीटर व्यासाची, १२ ची ७०, २२ ची ८२ आणि ३२ ची जवळपास १००. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण मांस जातं ते क्षेत्रफळातून. ८ वरून २२ वर गेलात की जाळी पावणेदोन पट मोठी होते आणि मांस आत जायची नळीही तशीच रुंद होते.

हे रानातल्या मांसालाच एवढं का लागतं? कारण खिम्यात जातं ते त्या जनावराचं सगळ्यात राबलेलं मांस. पाठीचा लांब स्नायू आणि मागची मांडी कोणी खिम्यात घालत नाही. उरतो खांदा, मान, बरगड्यांमधलं मांस आणि पायाच्या नळीवरचं मांस, म्हणजे जिकडेतिकडे चिवट शिरा आणि पांढरा पडदा. लहान मशीनवर हे घातलं की थोड्या वेळाने जाळीतून सुट्या दाण्यांऐवजी गुलाबी लगदा येऊ लागतो. मशीन थांबवून पुढची रिंग उघडा, मग दिसतं: पात्याच्या चारही हातांच्या बुडाशी रिळावर दोरा गुंडाळावा तशा पांढऱ्या शिरा घट्ट बसलेल्या असतात. पातं जाळीपासून केसभर उचललं गेलेलं असतं, त्यामुळे मांस कापलं न जाता चिरडलं जातं. २२ नंबरमध्येही शिरा अडकतात, पण पातं मोठं, जोर जास्त, म्हणून बऱ्याचशा कापल्या जाऊन बाहेर पडतात. लहान मशीनवाल्यांनी आपली बाजू मांडावी.

धारकरी

मांडतो. रानपाखरू, तुम्ही सांगितलेला आजार खरा आहे, औषध मात्र मला पटलेलं नाही. त्या शिरा मशीनपर्यंत पोचल्याच कशाला?

पांढरा पडदा शिजवून मऊ होत नाही, कारण त्यात इलॅस्टिन असतं. मोठ्या मशीनने तुम्ही तो बारीक करून खिम्यात परत पाठवता, आणि खाणाऱ्याच्या दाताखाली तो येतोच. बारीक पात्याची लवचिक सुरी घ्या, तिचं तोंड पडद्याकडे किंचित वर धरा आणि पडदा ताणून सोलून काढा. हे काम केलेलं मांस ८ नंबरही सुरेख काढतो.

दुसरी गोष्ट थंडीची. तुकडे ट्रेमध्ये एका थरात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा, कडा कडक आणि मधला भाग दाबला जाईल इतपत. शून्याच्या आसपास, एखादा अंश खाली. जाळी, पातं, आतला स्क्रू, तोंडाचा भाग हे सगळंसुद्धा मांसाबरोबरच गार करा. आणि चौकोनी तुकड्यांऐवजी बोटाएवढ्या जाडीच्या लांब पट्ट्या कापा. स्क्रू पट्टीचं टोक एकदा पकडतो आणि मग स्वतःच ओढून घेतो, मांस आत ढकलायचा दांडा क्वचितच हातात घ्यावा लागतो.

मध्यम आकाराच्या हरणाचं बिनहाडाचं मांस २०-२५ किलोच्या घरात भरतं. त्यातलं निम्मं खिम्याला गेलं असं धरा. एवढ्यासाठी २२ नंबर म्हणजे वर्षभर ओट्याखाली धूळ खाणारं वजन.

रानपाखरू

मांडीच्या मांसाचा पडदा सोलता येतो, कबूल. पायाच्या नळीवरच्या मांसाचं काय? तिथे पडदा बाहेरच नसतो, प्रत्येक लहान स्नायूच्या मधोमध असतो. सुरीने साफ करायला बसलं तर निम्मं मांस कचऱ्यात जातं. ज्या जनावराचा जीव घेतला त्याचं मांस फेकणं मला मान्य नाही. १० मिलिमीटर भोकांच्या जाळीतून एकदा, मग साडेचार मिलिमीटर भोकांच्या जाळीतून दुसऱ्यांदा, असं २२ नंबरवर काढलं की हे सगळं मांस वापरात येतं. आणि एल्क मिळाला तर? तुमचा २०-२५ किलोचा हिशेब तिथे कोलमडतो.

धारकरी

फेका असं मी कुठे म्हटलं? पायाचं मांस खिम्याला घालूच नका. हाडासकट मंद आचेवर तासन्‌तास शिजवा. त्या कंडरांमधलं कोलॅजन वितळून जिलेटिन होतं, रस्सा दाट होतो आणि मांस हाडावरून आपोआप सुटतं. त्या जनावराचा तोच सगळ्यात चवदार भाग, त्याला जाळीतून पिळून काढणं हाच अपव्यय आहे. रोज नवं कोरं मोठं जनावर आणणाऱ्यांसाठी मशीन निवडायचं की बहुतेकांसाठी, ते आधी ठरवा.

लोहचुंबक

दोघेही नंबरावर भांडताय आणि मोटार बाजूलाच राहिली. नंबर म्हणजे नुसतं तोंड. १२ नंबरचं तोंड दुबळ्या मोटारीला लावून विकणारे भरपूर आहेत.

खोक्यावरचा मोठा वॅटचा आकडा वाचून मशीन घेऊ नका. बऱ्याचदा तो मोटार जाम होऊन थांबते तेव्हा ती क्षणभर ओढेल त्या विजेचा असतो, म्हणजे काम शून्य होत असतानाचा. साधा हिशेब करा: १२० व्होल्टच्या १५ अँपिअर लाईनवर १,८०० वॅटच्या वर ओढताच येत नाही, मग त्या लाईनसाठी बनवलेल्या मशीनवर ३,००० लिहिलेलं असेल तर त्याला काय अर्थ? चालू कामाचा वॅट पाहा, किंवा अश्वशक्ती. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. १२ नंबरला पाऊण अश्वशक्ती खरोखरची असेल तर हरणाला पुरते.

मग गिअर. आत प्लॅस्टिकचा गिअर दिसला की लोक नाक मुरडतात, पण काही मशीनमध्ये तो मुद्दाम दिलेला असतो, हाडाचा तुकडा गेला तर तो तुटावा आणि मोटार वाचावी म्हणून. सुटा मिळत असेल तर वाईट नाही. मिळत नसेल तर मशीनला हात लावू नका. माहितीपुस्तिकेत सलग किती मिनिटं चालवायचं ते लिहिलेलं असतं, तेही वाचा. घरगुती मशीनला बऱ्याचदा १०-१५ मिनिटांनंतर विश्रांती सांगितलेली असते, आणि तेवढी न देता चालवलं की तोंडही तापतं आणि चरबी वितळते. उलट फिरवायचं बटण हवंच, अडकलेलं मांस सोडवायला.

शुभदा_र

लोहचुंबकदादा, मोटारच नको असेल तर? मी हाताने फिरवायचं मशीन वापरते आणि तुम्हां तिघांच्याही विरोधात आहे.

हाताचं मशीन तापत नाही. शिर पात्यावर गुंडाळली जायला लागली की हँडल जड होतं आणि त्याच क्षणी हाताला कळतं. मोटार मात्र कण्हत पुढे रेटत राहते आणि लगदा झाल्यावर तुम्हाला समजतं. पातं धारदार ठेवायची सवयही हाताच्या मशीननेच लागते, कारण बोथट पात्याची शिक्षा आपल्याच खांद्याला. रानातल्या खोपटात वीज नसते हा मुद्दा वेगळाच. फक्त पकडीने टेबलाला अडकवायचं १० नंबर घेऊ नका, ते सरकतं. बोल्टने फळीला घट्ट बसणारं २२ किंवा ३२ घ्या.

लोहचुंबक

ताई, पहिल्या फेरीला तुमचं म्हणणं बरोबर. पण हरणाची स्वतःची चरबी मेणासारखी असते, तोंडात टाळूला चिकटते, म्हणून आपण ती काढून डुकराची चरबी घालतो, १० ते २० टक्के. ती मांसात सारखी मिसळायला दुसरी फेरी लागते, आणि थंड घट्ट खिमा बारीक जाळीतून हाताने फिरवायचा म्हणजे एकाने फिरवायचं, दुसऱ्याने भरायचं. एकट्या माणसाला १० किलो जमणं कठीण आहे.

शुभदा_र

चरबी घालायचीच कशाला? रश्श्यासाठीचा खिमा बिनचरबीचा, एकाच फेरीत, ६ मिलिमीटरच्या जाळीतून. कबाब किंवा सॉसेज करायच्या दिवशी हवा तेवढा भाग काढून चरबी तेव्हा मिसळा. डुकराची चरबी घातलेला खिमा फ्रीझरमध्ये लवकर खवट होतो, हे कोणी विचारातच घेत नाही. घरी एकटीच असले तरी माझं काम यात होतं.

पशुवैद्य_प

मशीन कुठलंही घ्या, पण त्यातून काय जातंय यावरही बोला.

शिशाची गोळी जनावरात फुटते आणि तिचे कण जखमेपासून दूरपर्यंत जातात, डोळ्यांना न दिसणारे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शिशाच्या गोळीने मारलेल्या ३० हरणांच्या खिम्याची २३४ पाकिटं क्ष-किरणांखाली तपासली, तर ३२ टक्के पाकिटांत धातूचे कण निघाले. अख्ख्या तुकड्यात असा कण एका जागी राहतो. खिम्यात तो आणखी लहान होऊन पसरतो. म्हणून जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने कापून टाका. रानपाखरू, मांस फेकायचं नाही हा तुमचा आग्रह इथे मुलांच्या आणि गरोदर बाईच्या पोटात शिसं घालू शकतो. तांब्याची गोळी वापरलीत तर हा प्रश्नच मुळातून जातो.

दुसरं, मशीनच्या धातूचं. हरणांच्या कळपांत जिथे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा आजार) आढळतो तिथे तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस मशीनमध्ये घालू नका, आणि दोन जनावरांचं मांस एकत्र करू नका. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी लागण आढळलेलं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. या आजाराचे प्रायॉन, म्हणजे आजार पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, पोलादाला चिकटून राहतात आणि उकळत्या पाण्याने मरत नाहीत. स्टेनलेस स्टीलवर ४० टक्के घरगुती ब्लीच, म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, पाच मिनिटं ठेवलं तर ते निष्प्रभ होतात असं २०१९ च्या प्रयोगात दिसलं. पण आधी मांसाचा कण न् कण धुऊन काढावा लागतो, कारण ब्लीच मांसाच्या आत शिरत नाही. आता सांगा, ॲल्युमिनियमच्या तोंडावर एवढं कडक ब्लीच कोण घालणार? ते खराब होतं. कल्हईच्या लोखंडी तोंडाचंही तेच. माझ्या लेखी स्टेनलेस तोंड, स्क्रू, पातं, जाळी ही पहिली अट. नंबर नंतर.

लोहचुंबक

ॲल्युमिनियमच्या बाबतीत पूर्ण सहमत. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये एकदा घातलं की काळी पूड सुटते आणि ती खिम्यात जाते. पण स्टेनलेसच्या नादात पातं मऊ पोलादाचं येतं, तेही बघा. पात्याला धार धरता आली पाहिजे.

रानपाखरू

पशुवैद्य, जखमेभोवतीच्या मांसाचं आणि धातूचं तुमचं म्हणणं बिनतक्रार. मांस फेकायचं नाही हे मी चांगल्या मांसाबद्दल म्हणत होतो. स्टेनलेस तोंडाचं २२ नंबर महाग पडतं, म्हणून वर मी धातूवर बोललो नाही, पण निवड करायचीच असेल तर ॲल्युमिनियमच्या २२ पेक्षा स्टेनलेसचं १२ घ्या, हे मीही म्हणेन. १२ च्या खाली मात्र नाही. धारकरी, तुमच्या पद्धतीने रात्रभर सुरी चालवणारे थोडे. बाकीचे दमतात, पडदा तसाच ठेवतात आणि लहान मशीन जाळतात.

धारकरी

दमतात कारण सुरीला धार नसते. ८ वर मी ठाम आहे, फक्त स्टेनलेसचं मिळालं तर. आता नंबर सोडा, हे सगळ्यांच्या मशीनला लागू आहे: पातं आणि जाळी ही जोडी असते. दोन्ही एकमेकांवर घासून एकमेकांना बसतात. जाळी बदलून तेच पातं लावलं तर कापणी पहिल्यासारखी होत नाही. प्रत्येक जाळीला स्वतःचं पातं ठेवा आणि दोन्हीवर सारखी खूण करा. धार गेली की सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून पात्याची सपाट बाजू त्यावर गोल फिरवा, चारही हात सारखे चमकेपर्यंत. बसवताना सपाट बाजू जाळीकडे. ती उलटी लावून मशीनला शिव्या देणारे खूप आहेत.

शुभदा_र

आणि धुतल्यावर पुसून, पूर्ण वाळवून, खाद्य दर्जाच्या मिनरल ऑइलचा हात फिरवून पिशवीत ठेवा. तोंड स्टेनलेस असलं तरी पातं बऱ्याचदा कार्बन स्टीलचं असतं, रात्रीत गंज धरतं. रानपाखरू, २२ नंबर हातानेही फिरतं, एवढं तुमच्या यादीत घाला.

रानपाखरू

घातलं. बोल्टवालं, पकडीवालं नाही.